बिनबटणांचा सदरा

प्रिय बंडू,

त्या दिवशी हॉस्पिटलात माझ्या खाटेशेजारून ‘पाणी भरून आणतो’ म्हणून उठलास आणि गेलास तो गेलासच. तुझी रिकामी बाटली इथेच विसरलास, ती अजून माझ्याकडे आहे. रागावले नाही रे. यंत्रावरची हिरवी रेघ वेडीवाकडी धावायला लागली, ते पीं पीं सुरू झालं, तेव्हा माझीही पाचावर धारण बसली होती.

पण तू गेल्यावरची गंमत तुला कुणी सांगितली नसेल. छातीत पट्टा सैल झालेल्या शिलाई मशीनसारखं चाललं होतं, चार टाके पळायचे, एक अडायचा. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली मी. चादरीखाली माझा पाय आपोआप पायडल मारायला लागला, त्याला लयीत आणायला! नर्सला वाटलं, मला फीटच आली. तिने पाय घट्ट धरून डॉक्टरांना हाक मारली. मी ओशाळून खरं काय ते सांगितलं, तेव्हा ते हसत खुर्चीत बसले. हृदयातली झडप बदलल्यावर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जणांचं असं होतं म्हणे. हृदयाला हात लागलेला असतो, ते जरा बिथरतं. औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वारी ताळ्यावर आली.

आता घरी आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. अधूनमधून धडधडतं आणि मी घाबरतेही, खोटं कशाला बोलू? पण परवा जिना चढून वर आले आणि धाप लागली नाही. लहानपणी आपल्या दोघांना एकाच वेळी तो सांधे सुजवणारा ताप आला आणि झडपा बिघडवून गेला, त्यानंतर पहिल्यांदाच. आई म्हणायची, ही दोघं दुखणंसुद्धा वाटून घेतात.

काल तुझ्या बायकोने सांगितलं, तू तुझ्या ऑपरेशनची तारीख रद्द केलीस. माझं ते पाहून. अरे, अर्ध्यातून उठून गेलास, मी बरी झालेली तू पाहिलीच नाहीस. तुझी धाप मला फोनवर ऐकू येते. माझ्या पाठीवरचा तू एकटाच आहेस, आणि मला तू हवा आहेस.

सोबत सदरा पाठवतेय. पुढून सबंध उघडा ठेवलाय, कारण ऑपरेशननंतर बरेच दिवस हात डोक्यावर नेता येत नाहीत. काजं केलीत, बटणं मुद्दामच लावली नाहीत. नवी तारीख घेऊन ये, समोर बसवून लावून देते. बाटलीही तेव्हाच मिळेल.

वाट बघणारी तुझीच,
ताई