पाठमोरा सराव

१७ तारीख, मंगळवार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, क्लबातल्या गोलकीपर मुलींचा सराव घेतो. हातमोज्यांचा कुबट वास हल्ली आंघोळ केली तरी जात नाही.

तुझ्या चिमणीच्या डोळ्याची सूज उतरली, नजर शाबूत आहे, हे तू दोनदा लिहिलंस. मी चारदा वाचलं. पुढचं वाचून मात्र लगेच हे पत्र लिहायला बसलो. ती म्हणे तुला पाठीमागे उभी करते, ‘वळ’ म्हणायला लावते आणि हाक येईपर्यंत हलायचं नाही, असं रोज तासभर घोटते.

तुला हा सराव ठाऊक नाही म्हणून सांगतो. कीपर माझ्याकडे पाठ करून गोलमध्ये उभी राहते. मी ‘वळ!’ म्हणतो आणि लगेच चेंडू मारतो. कुठून येतोय, किती जोरात, काही कळत नाही. गर्रकन वळायचं आणि दिसेल तसा अडवायचा. सामन्यात कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू भलतीकडे वळतो, त्याची ही तयारी.

त्या दिवशी तुझ्या पोरीने लागोपाठ अकरा अडवले. मॅनेजर कडेला बिस्किटं चघळत उभा होता. म्हणाला, “मास्तर, भाचीने तुमची हवाच काढली की! आता तीच तुम्हाला शिकवेल.” सगळ्या मुली खिदळल्या. तीही.

एवढंच झालं. एवढ्यावरून पंचावन्नाव्या वर्षी माझं डोकं फिरलं.

नंतर अपघाताच्या रिपोर्टचा मजकूर त्या मॅनेजरनेच सांगितला, तोंडातला घास न गिळता: ‘खेळाडूने हाकेआधी वळण्याची घाई केली.’ मी खाली सही ठोकली. शिस्त मोडली म्हणून तिला संघातून काढायला शनिवारी क्लबाच्या बैठकीत तोच कागद पुढे येणार आहे. आणि दवाखान्यात ती मलाच म्हणाली, “मामा, माझीच घाई झाली रे. तू वाईट वाटून घेऊ नकोस.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची मला शिसारी येते.

ताई, हाक आलीच नव्हती. बारावा चेंडू मी न सांगता, दात खाऊन मारला. पाठीत बसेल, जिरेल जरा, असं मनात होतं. ती माझ्या बुटाच्या आवाजावर वळली आणि चेंडू डोळ्यावर बसला. हे तिला मी शिकवलेलं नाही. तीस वर्षांत असं वळणारी दुसरी कीपर मी पाहिली नाही. इतकी चांगली नसती, तर पाठ लाल होऊन भागलं असतं.

आणि तेच ती आता स्वतःतून काढून टाकतेय, तुझ्या मदतीने. बंद कर. आजच.

खरा रिपोर्ट सकाळी लिहून दिला. “झालं ते झालं, कशाला चिखल उकरता?” मॅनेजर म्हणाला. कागद त्याच्या बिस्किटांवर ठेवून आलो. नक्कल सोबत आहे. मला काढतील, काढू देत.

हे पत्र तिला वाचून दाखव. ‘दात खाऊन’ हे शब्द गाळू नकोस. माफी मागायला तुमच्या दारात येऊन उभं राहायचीही माझी लायकी नाही. तिने बोलावलं तर येईन. तिची हाक येईपर्यंत जागचा हलणार नाही.

पाठमोऱ्या पोरीवर चेंडू मारणारा,
तुझा धाकटा भाऊ