बंबात काय जळत होते

आई,

आधी घडले ते घडले त्याच क्रमाने मांडते; मत नंतर. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सभागृहात एक कार्यक्रम झाला. आज आपण बिनदिक्कत करतो अशा कोणत्या गोष्टींबद्दल आपली नातवंडे-पतवंडे आपल्याला नावे ठेवतील, असा त्याचा विषय होता. बोलणार होती तुझी नात. मी पहिल्या रांगेत बसले होते, कारण तसा तिचाच आग्रह होता. तिने प्रथम पडद्यावर आमच्या स्वयंपाकघराचे छायाचित्र दाखवले: भिंतीवरचे पाण्याचे फिल्टर, आणि एक पेला शुद्ध पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडणारी त्याची बारीक नळी. त्यानंतर माझ्या खोलीतला एसी, जो लावून मी वैशाखात अंगावर जाड पांघरूण घेते. त्यानंतर दाराशी रचलेली पार्सलची खोकी, त्यांतले एक उघडे, आणि त्या हातभर खोक्याच्या तळाशी एकच पेन. नाव तिने कोणाचेही घेतले नाही. घेण्याची गरज नव्हती. सभागृहातल्या निम्म्या बायकांनी ते स्वयंपाकघर आतून पाहिले आहे. शेवटी तिने तुझा फोटो दाखवला, कारखान्याच्या गेटपाशी काढलेला, खांद्याला कापडी पिशवी असलेला. "ही माझी आजी," ती म्हणाली. "ही दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायची. हिच्या घरातून कचरा म्हणून काही बाहेरच पडायचं नाही. आपली पतवंडं आपल्याला नावं ठेवतील, पण हिला नाही ठेवणार." टाळ्या झाल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आई काळाच्या किती पुढे होत्या हो!" मी मान डोलावली. येथे घटना संपतात.

आता मत. मला तुझा हेवा वाटतो. हा शब्द मी विचार करून निवडला आहे. राग, दुःख, अपमान हे तीनही तपासून पाहिले, त्यांतला एकही नेमका बसत नाही. तू जाऊन इतकी वर्षे झाली, तुझ्या नातीला तुझा आवाजही नीट आठवत नाही, आणि तरी माझ्या घरात, मी वाढवलेल्या मुलीच्या मनात, जी जागा माझी असायला हवी तिथे तू ऐसपैस बसली आहेस. बसायला तुला काहीच करावे लागलेले नाही. मेलेल्या माणसाच्या घरात फिल्टर नसते, त्याच्या दाराशी खोकी येत नाहीत, त्याला उकडत नाही. मी मात्र रोज उठते, आणि उठल्यापासून मी जे जे करते त्याचा पंचनामा होतो. ब्रश करताना नळ चालू राहिला की बाहेरून आवाज येतो, "आई, नळ!" भाजी प्लास्टिकच्या पिशवीतून आली की काही बोलणे होत नाही, पिशवी नुसती ओट्यावर माझ्यासमोर ठेवली जाते. तिच्या प्रवेश परीक्षेच्या उन्हाळ्यात तिच्या खोलीत बसवलेला एसी पडद्यावर आला नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलेले नाही. मुलीशी वाद घालताना पुरावे राखून ठेवावेत, एवढे शहाणपण मला आहे.

तू काळाच्या पुढे नव्हतीस, हे तुला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे. तुझी सारी धाव महिनाअखेर गाठण्यापुरती होती. अंबडच्या त्या कारखान्याजवळच्या दोन खोल्यांत आपण राहत होतो तेव्हा "पर्यावरण" हा शब्द माझ्या शाळेच्या पुस्तकात होता, तुझ्या तोंडी नव्हता. तुझ्या तोंडी होते, "फेकू नको गं, लय कामाची हाय ती." पिशवी, दोरा, बाटलीचे बूच, खाकी कागद, सगळेच लय कामाचे. मला आजही ती दोरी दिसते. संध्याकाळ आहे, तू पहिली पाळी करून आली आहेस, साडीला यंत्राच्या तेलाचा वास आहे, आणि तू उलट्या केलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्यांनी अशा निगुतीने लावते आहेस की जणू कोणाचे रेशमी रुमाल आहेत. माझ्या वर्गातल्या दोघी मुली वही मागायला येतात. त्यांतली एक त्या दोरीकडे पाहते, मग माझ्याकडे. तू त्यांना म्हणतेस, "या गं, बसा. चहा घेता का?" मला त्या पिशव्यांची लाज वाटली. ती लाज चुकीची होती असे मी आजही मानत नाही. गरजेला गुण म्हणायची पद्धत नंतर आली, आणि ती आणली ज्यांना गरज कधी पडली नाही त्यांनी. मी शिकले ती त्या दोरीखालून बाहेर पडण्यासाठी, आणि तूही मला शिकवलेस ते त्याचसाठी. पंच्याण्णव गुण आणले की तू विचारायचीस, "आन् बाकीचे कुठं सांडले?" जवळ बसून पेपर सोडवून घ्यायचीस, स्वतःला एक ओळ वाचता येत नसताना उत्तराच्या लांबीवरून ओळखायचीस की मी टंगळमंगळ केली आहे. मी पिशव्या फेकू शकेन अशा घरात राहावे म्हणून तू त्या धुतल्यास. आणि आता मी फेकते म्हणून मला दोष, तू धुतल्यास म्हणून तुला टाळ्या. यात काही न्याय असेल तर तो मला दाखवून दे.

रविवारी दुपारी जेवताना मी तुझ्या नातीला बंबाबद्दल सांगितले. तिने तांब्याचा बंब पाहिला आहे, पण गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात, त्यात झाड लावलेला. म्हणून मला आधी समजावून सांगावे लागले की मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, असे ते पाणी तापवायचे साधन. मग सांगितले की तुझी आजी त्यात लाकूड जाळत नसे, कारण लाकूड विकत घ्यावे लागे. कारखान्यात तांब्याच्या तारा सोलून काढल्यावर वायरीची जी रंगीत सालटी उरत, ती कामगार बायका पिशव्या भरभरून घरी नेत, आणि आजीही नेत असे. लाल, पिवळी, हिरवी. दोरीवरच्या पिशव्याही फाटल्या की बंबातच जात. घरातून कचरा बाहेर पडत नव्हता हे बरोबर आहे, मी म्हणाले, तो आकाशात जात होता. हे वाक्य मला आवडले होते. ते मी सभागृहातून घरी येतानाच जुळवले होते.

तिचा घास हातातच राहिला. "म्हणजे आजी प्लास्टिक जाळायची? रोज?"

"थंडीच्या दिवसांत रोज. नाशिकची थंडी तुला खिडकीतून माहीत आहे."

ती थोडा वेळ भातात बोट फिरवत बसली. मला वाटले, झाले. तुझा फोटो आता भिंतीवरून उतरेल अशी माझी अपेक्षा नव्हती, पण निदान तू जरा खाली सरकशील आणि मला शेजारी जागा होईल, एवढे वाटले. मग ती म्हणाली, "पण तिला माहीत नव्हतं ना गं. तुला माहितीये. तू तर शिकवतेस ते."

"अज्ञान हा बचाव होत नाही."

"कोर्टात नसेल होत. आई, प्लीज, आजीशी कॉम्पिटिशन नको लावूस. ती ऑलरेडी जिंकलीये." आणि हसून तिने माझ्या पानात लोणचे वाढले, वडीलधाऱ्यांची समजूत काढताना वाढतात तसे.

तेव्हापासून ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिला माहीत नव्हतं, तुला माहितीये. रसायनशास्त्रात मी डॉक्टरेट घेतली आहे. त्या सालट्यांचा धूर ओल्या हवेला भिडला की त्याचे आम्ल होते आणि ते छातीत कोठवर जाते, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. फिल्टरची नळी किती पाणी सोडते हे मला कोणी छायाचित्र काढून दाखवण्याची गरज नाही. म्हणजे तू पाळ्या करून, स्वतःच्या हौसा मारून मला जे दिलेस, नेमके तेच माझ्या विरुद्धचे कलम ठरले. आणि जे तू स्वतःसाठी कधी घेतले नाहीस, तेच न घेतल्यामुळे तू निर्दोष. हेवा म्हणते तो याचा. मला ज्ञान देऊन तू स्वतःकडे अजाणपण ठेवून घेतलेस, आणि आज बाजारात भाव त्यालाच आहे.

पण ते खरेच तुझ्याकडे होते का? इथे माझी अडचण आहे, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. एक सकाळ मी तुझ्या नातीला सांगितलेली नाही. माझी बोर्डाची परीक्षा जवळ आली आहे, सरावाचा पेपर आहे, बाहेर धुके आहे आणि दातावर दात वाजताहेत. मी मागच्या दाराशी अंगावर शाल घेऊन उभी. तू बंबापुढे उकिडवी बसून पिवळ्या सालट्यांची मूठ आत सारतेस. धूर काळा, जाड, जिभेवर आंबट लागणारा. तू पदर नाकावरून घेऊन मागे गाठ मारली आहेस. माझ्या अंगात नव्या शिकण्याची मिजास, म्हणून मी वर्गातल्या आवाजात सांगते, "आई, बाईंनी सांगितलंय, हे जाळायचं नसतं. याच्यातून विष निघतं."

तू माझ्याकडे पाहिलेस. पदराच्या वर फक्त डोळे दिसत होते, पाण्याने भरलेले, धुराने भरलेले असतील. तू म्हणालीस, "बरं."

मग म्हणालीस, "आंघूळ कडक पाण्यानं करतीस का गार?"

"कडक."

"मंग बादली आण. आन् जाताना दार लोटून घे. धूर आत नको जाया, तिथं तुझा अभ्यास हाय."

मी बादली आणली. दार लोटले. कडक पाण्याने आंघोळ केली आणि पेपर उत्तम लिहिला. त्यानंतरही सालटी येत राहिली, पदर नाकावर राहिला, दार लोटलेले राहिले. हा विषय आपण दोघींनी पुन्हा कधी काढला नाही.

ते "बरं" मी गेले काही दिवस सर्व बाजूंनी तपासते आहे. लेकरू शाळेतून काहीतरी ऐकून आले आहे, त्याचे मन राखावे, असे ते "बरं" होते का? तसे असेल तर तुझी नात म्हणते ते खरे, तुला माहीत नव्हते, आणि मी कायमची हरले. की तुझा माझ्यावर विश्वास बसला होता? बसला असणारच, असे मला वाटते. माझ्या पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीवर तुझा बसत असे. मग पदर नाकावर धरून, आतले दार बंद करून, तू ते विष जाणूनबुजून जाळत राहिलीस, कारण पाणी तापायला हवे होते आणि आंघोळ माझी होती. तसे असेल तर तू माझ्याच रांगेत आहेस. जाणणाऱ्यांच्या. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

मात्र तिथेही तू माझ्या पुढेच निघतेस, हे मला दिसते आणि सहन होत नाही. तुझ्या धुराला मी हे कारण होते. माझ्या खोलीतल्या गारव्याला कोणते कारण आहे? त्या खोक्यातल्या एका पेनाला? पुढे माझी नात विचारील तर मी काय सांगू, कोणाच्या आंघोळीसाठी? हा परिच्छेद मी दोनदा खोडला होता. नेमकेपणाच्या आग्रहामुळे पुन्हा लिहावा लागला.

काल ती पुन्हा माझ्या खोलीत आली. तेच भाषण आता तिला तिच्या कॉलेजात करायचे आहे, आणि बंबाची गोष्टही त्यात घालायची आहे. "म्हणजे कसं, आजी परफेक्ट नव्हती असं आलं की ती जास्त खरी वाटेल," ती म्हणाली. मग माझ्या पलंगावर मांडी घालून, अगदी लहानपणी बसायची तशी, तिने विचारले, "आजीचं आणखी काही आठवतं का गं तुला? कसलंही चालेल." एसी चालू होता. तिने तो बंद केला नाही, हे मी पाहिले. ती सकाळ माझ्या अगदी ओठांवर होती. सांगितली असती तर "माहीत नव्हतं" हा तुझा एकुलता एक बचाव तिथेच संपला असता, आणि ती माझ्याकडे निदान एकदा वेगळ्या नजरेने पाहती.

मी म्हणाले, "नाही. एवढंच आठवतं."

तेव्हा आता उत्तर तूच द्यायचे आहे. प्रश्न एकच आहे आणि तो मी संदिग्ध ठेवलेला नाही: मी तुला सांगितले त्या सकाळनंतर, ते विष आहे हे तुला पटले होते की नाही? "बरं" हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. मला ते लेखी हवे आहे. तुला लिहिता येत नसे ही सबब मी ऐकणार नाही. अंगठा उठव, मी ओळखेन. हे पत्र कोणत्या पेटीत टाकायचे ते मला माहीत नाही, म्हणून ते घरातच राहील, पण त्याने तुझी जबाबदारी कमी होत नाही.

आणि उत्तर आले, तर ते मी तुझ्या नातीला दाखवणार नाही. तिच्याकडे तुझे बरेच काही आहे. हे एक माझ्याकडे राहू दे.