टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

अगं,

तू उठायच्या आत निघतोय, कारण हे तुझ्यासमोर बोलायला मला तोंड नाही. काल होडीचं इंजिन दर पाच मिनिटांनी बंद पडत होतं, तेव्हा तू विचारलंस, "टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केलास ना?" मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, हे इंजिन आहे, मिक्सर नव्हे." तो हसला, आणि धक्क्यावरच्या सगळ्यांसमोर त्याच्याहून मोठ्याने मी हसलो. वर सगळं इंजिन खोलायला होकारही देऊन बसलो.

पहाटे धक्क्यावर जाऊन पाहिलं. स्क्रू घट्ट बंद होता. मीच आवळलेला. टाकीत हवाच शिरत नव्हती, तर पेट्रोल पुढे जाणार कसं? सैल केला आणि इंजिन अर्धा तास न कुरकुरता चाललं.

तिथूनच मेकॅनिकला फोन केला, "खोलू नका, दोष सापडला." त्याने विचारलं, "कोणाला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाच."

म्हणून पुन्हा धक्क्यावर चाललोय. हसलो चारचौघांत, तर खरंही चारचौघांतच सांगायला हवं.

चहा गाळून ठेवलाय. दाराला आतून कडी लावू नकोस.