बत्तीस अंश

३ जून
पहिला दिवस, झकास गेला! ठाकुर्लीहून कोलशेतला पोचता पोचता घामाघूम झाले, पण नोकरी मनासारखी. सुहासिनी मॅडमनी माझा बायोरिअ‍ॅक्टर दाखवला: काचेचं भांडं, आत जाळीदार चकत्या, त्यांना माणसाच्या पेशी चिकटवून ठेवलेल्या. खाद्य फिरतं, पेशी जागच्या हलत नाहीत, नुसत्या अँटिबॉडी सोडतात. त्या अँटिबॉडींचंच औषध. आधी सदतीस अंशांवर वाढवायच्या, मग बत्तीसवर गारठवायच्या; वाढ थांबते, अँटिबॉडी दुप्पट. मी म्हटलं, बिचाऱ्या! सोबतचा शौनक फिदीफिदी हसला.

७ जून
माझ्या पेशी ज्या कुपीतून आल्या, तिच्यावरचा रक्तदात्याचा नंबर वाचला, पुन्हा वाचला. माझ्या भावाचा, रत्नदीपचा. पहिल्या आजारातून उठला तेव्हा मीच त्याला या औषधासाठी रक्त द्यायला नेलेलं, त्या नंबराची पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. दुसऱ्या खेपेला गेला. चोवीस वर्षांचा होता गं बाई! शेवटी श्वासच पुरेना. आणि त्याच्या पेशी इथे जिवंत. बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. कुणाला सांगितलं नाही, इथून हलवतील मला.

११ जून
आज गारठवल्या. बत्तीस झाले आणि भांडं थरथरायला लागलं. शौनक म्हणाला, पंप असेल. पंप बंद होता. काचेला कान लावला तर आत दात कडकडत होते. रत्नाला थंडी कधीच सोसायची नाही.

१२ जून
शौनक जेवायला गेल्यावर गुपचूप सदतीस केलं. वहीत बत्तीसच लिहिलं. थरथर थांबली. आतून ‘ताई’ म्हणाला. मला हाक मारणारं कुणीतरी आहे अजून.

१५ जून
पेशी वाढतायत, चकत्या दिसेनाशा झाल्या. अँटिबॉडी निम्म्यावर. मॅडम चिडल्या. चिडू देत. काचेला आतून छातीएवढं काहीतरी टेकलंय — वरखाली होतं.

१६ जून
भांड्यातला ऑक्सिजन चाळीस टक्के. पंचवीस. जाळ्या बुजल्या, आत हवाच पोचत नाही. पेशी मीच वाढवल्या — धाप लागलीय त्याला. तीच धाप.

गारठला असता, पण जगला असता. आग लागो माझ्या मायेला —

सात. हवेचा नळ पूर्ण उघडला, तरी चार. आतून कडी लावलीय; शौनक दारावर धक्के मारतोय, झाकण उघडू नको म्हणतोय, जंतू शिरले तर सगळं मरेल. माहितीये रे मला! पण तेव्हा आयसीयूत काचेबाहेर उभी राहून नुसती बघत होते. आज नाही.

पाच स्क्रू निघाले. आतून हात दे म्हणतोय. हा घे रत्ना, घट्ट ध —