मंगळवारच्या पुड्या

वर्धा

आईले मेघाचा जयभीम.

मी बरी आहे. मेसचं जेवण आता चांगलं मिळते, खोलीत पंखाही नवा बसला. तुह्या पायाची सूज उतरली काय? अजून बाजारात मेथी घेऊन बसते काय? फोनवर तू "मले काई नाई" म्हणून ठेवून देते, म्हणून लिहून राह्यली.

दवाखान्यात आमच्या वॉर्डात रंभाबाई होत्या. तुह्यासारख्याच भाजी विकणाऱ्या, हृदय कमजोर, अंगात पाणी साचे. सुट्टी झाली तेव्हा पाणी उतरवायच्या गोळ्यांच्या पुड्या मीच बांधून देल्या, तुले देल्या तशाच, एकेका पुडीवर वार लिहून. महिन्यानं त्या परत आल्या, श्वास घेता येत नव्हता. मी रागावली, "गोळ्या काऊन चुकवल्या?" दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

सुनेनं उरलेल्या पुड्या आणून देल्या. चार होत्या, चारही मंगळवारच्या. मंगळवारी त्यायचा बाजार. गोळी घेतली की घडीघडी लघवीले जा लागते, अन बाजारात बाईले आडोसा नाई. हे मी त्यायले कधी विचारलंच नाई. आता कोणाच्याही पुडीवर मंगळवार लिहाले गेली की हात थांबते.

मागच्या खेपेले घरी आली तेव्हा तांदळाच्या डब्यात तुह्या काही पुड्या दिसल्या होत्या. जुन्या असतील म्हणून मी झाकण लावून देलं.

आई, मी रागावणार नाई. तो डबा उघड, अन पुड्यांवरचे वार मले वाचून सांगजो.

तुही,
मेघा