पाव पगारात पोलंड

२३ नोव्हेंबर, रविवार

निर्णय झाला. पोलंडला जायचं. गोडाऊनचं काम, पंचेचाळीसपर्यंत घेतात. मी एक्केचाळीसचा. यूट्यूबच्या व्हिडिओतल्या माणसाने तिथला सरासरी पगार सांगितला. रुपयांत दीड लाखाच्या आसपास. इथे तळेगावजवळ आंबीच्या कंपनीत चौदा वर्षं स्टोअर सांभाळतोय, हातात चौतीस हजार. फरक कोणालाही कळेल. आमच्या घरात कोणालाही कळला नाही.

बायको म्हणून सविताने अभिनंदन करायला हवं होतं. तिने मेथी निवडता निवडता विचारलं, तिथे खोलीचं भाडं किती? भाडं! माणूस युरोपला चाललाय आणि ही भाडं विचारते.

प्रेरणा मधेच बोलली. अकरावी कॉमर्स. म्हणे, पप्पा, आपल्या आळीच्या टोकाला जो बंगलेवाला राहतो ना, त्याचं आणि आपलं मिळून सरासरी काढली तर आपणही श्रीमंत. मुलीला कॉमर्सला घालायला नको होतं.

माझे वडील, आबा, कोचावर होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या इंदुरीच्या चौकात माजने अडवलं. गफूरभाईंचा मुलगा, सात वर्षं कुवेतला होता, आता हार्डवेअरचं दुकान. बातमी त्याच्यापर्यंत गेली म्हणजे आबांचं काम.

"सुहासभाऊ," म्हणाला, "मिळतं किती, सगळे विचारतात. उरतं किती, कोणीच विचारत नाही. मी चार साल एका खोलीत आठ जणांत राहिलो. साबणावर नाव लिहायला लागायचं."

मी म्हटलं, तुझं कुवेत, माझं युरोप. तो हसला आणि चहा मागवला. मी निषेध म्हणून अर्धा चहा ठेवला. त्याच्या लक्षात आलं नसावं. स्वतःचं जमलं नाही की लोक दुसऱ्याला घाबरवतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओखाली ज्याचा नंबर होता त्या एजंटचं ऑफर लेटर आलं. आकडा सरासरीपेक्षा बराच कमी आहे. त्यातून पलंगाचं भाडं आणि कामावर नेणाऱ्या गाडीचे पैसे कापणार. पलंगाचं, खोलीचं नाही. एजंट म्हणाला, सुरुवातीला असंच असतं, मग माणूस हळूहळू सरासरीला येतो. पटलं. फी तीन लाख.

तीन लाखांची एफडी आहे. प्रेरणाच्या कॉलेजसाठी ठेवलेली, दोघांच्या नावावर. सविताची सही लागेल. जेवताना विषय काढला. शांतपणे समजावलं की एकटा माणूस पाव पगारात आरामात राहतो, उरलेला घरी पाठवतो.

"मग राहून दाखवा की," सविता म्हणाली.

म्हटलं, तेच तर करायला चाललोय.

"पोलंड लांब आहे. आधी लोणावळ्यात राहा. एक महिना. तुमच्याच पगाराचा पाव घ्या, साडेआठ हजार. खोली, जेवण, कपडे, सगळं त्यात. मधे घरी यायचं नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत निभावलंत तर सही करते."

आबांनी घास थांबवला. "लोनावळ्यात कशाला? तितं तर लोकं पैसं उडवायला जात्यात."

"म्हणूनच, आबा. महाग गाव, थंडी, आणि ओळखीचं कोणी नाही."

मी ताबडतोब हो म्हटलं. बाई स्वतःच्याच सापळ्यात अडकली.

१ डिसेंबर, सोमवार. रात्री ८

गवळीवाड्यात येसूबाई नावाच्या म्हातारीच्या घरामागची खोली. पत्रा, एक खिडकी, भाडं चार हजार. लाइट वेगळी. गरम पाण्याची बादली पंधरा रुपये. नळ सहा ते सात. मासळी शिजवायची नाही. पोलंडमध्ये एवढे कायदे नसतील.

बॅग ठेवली तर विचारते, "बायकूनं हाकलला का?"

मी सविस्तर सांगितलं की परदेशी जाण्याआधीची ही तयारी आहे, पैज आहे, एक महिन्याचा प्रश्न आहे.

सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी हाकललाच."

संकल्प: बाहेर खायचं नाही. पहाटे पाचला उठून चालायचं. रोज दहा पोलिश शब्द.

४ डिसेंबर, गुरुवार

पोलिश शब्द उद्यापासून. आज तोंड गारठलंय, उच्चार बरोबर येणार नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

भाडं गेलं. इंडक्शन शेगडी, कढई, एक ब्लँकेट मिळून अडीच हजार. कामावर जायला तळेगावपर्यंत लोकलचा पास. तांदूळ, तेल, चहापत्ती. हातात अकराशे. अजून पंचवीस दिवस. काळजीचं कारण नाही, सुरुवातीचा खर्च हा खर्च नसतो.

सविताचा फोन, दोन मिनिटं. "जेवलात का?" हेरगिरी. म्हटलं, पुलाव केला. भात होता. खालून करपला, वरून कच्चा. शेगडीतच दोष असावा.

९ डिसेंबर, मंगळवार

कंपनीच्या कँटीनमध्ये दुपारी पोटभर जेवायचं आणि चार चपात्या टिश्यू पेपरमध्ये घेऊन यायच्या, अशी पद्धत बसवली आहे. यात फसवणूक नाही. पोलंडमध्येही कँटीन असेलच. आंघोळही कंपनीच्या लॉकर रूममध्ये. महिन्याला साडेचारशे वाचले. येसूबाईचं तोंड बघण्यासारखं झालं.

कोमलने चपात्या गुंडाळताना पाहिलं. सात वर्षांनी ज्युनिअर, मीच तिला आवक-जावक नोंदवायला शिकवलं.  जाताना स्वतःच्या डब्यातली कोरडी चटणी माझ्या टेबलावर ठेवून गेली. मला भिकारी समजते काय? चटणी बरी होती.

११ डिसेंबर, गुरुवार

टाकळकर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्टोअर इनचार्जची जागा निघते आहे, पगार सात हजारांनी वाढेल, माझं नाव पुढे आहे. चौदा वर्षांनी सुचलं! मी खुर्चीला टेकून बसलो आणि म्हटलं, "सर, जानेवारीनंतर मी बहुतेक देशातच नसेन."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. प्रभावित झाले असावेत. "घरी विचारलंयस का?" म्हणाले. घरी! सगळ्यांना माझ्या घराचीच काळजी.

१३ डिसेंबर, शनिवार

हातात दोनशे चाळीस रुपये.

समोरच्या बंगल्यात दर शनिवार-रविवार पार्टीवाले उतरतात. तिथल्या मॅनेजरला गाड्या लावून घ्यायला माणूस हवा होता. येसूबाई मला न विचारता सांगून आली, "आमच्याकडं हाय एक रिकामा." दिवसाला सातशे. अटीत कुठेही लिहिलेलं नाही की जोडकाम करायचं नाही. परदेशात सगळेच पार्ट टाइम करतात. थोडक्यात, माझा सराव अधिक अचूक होतोय.

शिट्टी दिली. निळा शर्ट दिला. शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पर्यटक या जातीबद्दल बोलायचं तर लोणावळा त्यांच्यासाठी बंद करायला हवं. एकाने मला बर्फ आणायला पाठवलं. दुसऱ्याने विचारलं, "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" काका! मी त्याच्याहून फार तर आठ वर्षांनी मोठा असेन. त्याला खंडाळ्याच्या उलट दिशेला पाठवलं.

दुपारी एक पांढरी गाडी आली. मी शिट्टी मारत, हात हलवत मागे घ्यायला लावली. काच खाली झाली. टाकळकर साहेब. शेजारी त्यांची बायको, मागे दोन मुलं आणि केक.

साहेब म्हणाले, "सुहास?"

मी म्हटलं, "थोडी डावीकडे घ्या, सर."

दुसरं काय म्हणणार? गाडी नीट लागली. जाताना साहेबांनी पन्नासची नोट पुढे केली, मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि परत घेतली. घेतली हे वाईट केलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

ताप. सुट्टी टाकली. पत्र्याच्या खोलीत थंडी आतून येते की बाहेरून, कळत नाही. तांदूळ होते, उठवलं नाही.

येसूबाई दुपारी दार ढकलून आत आली. तिला तो अधिकार नाही. हातात पेज. मी विचारलं, याचे किती?

"गप पी," म्हणाली. मग पायाशी बसून विचारलं, "तितं कोन आनून देनार तुला पेज?"

मी भिंतीकडे तोंड केलं. ताप होता म्हणून. पेजेत मीठ कमी होतं. दोन वाट्या प्यालो.

२० डिसेंबर, शनिवार

प्रेरणाच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन. ती पहिल्यांदा स्टेजवर. सविताने कालच सांगितलं होतं, पण नियम तिचाच, मधे यायचं नाही. मी म्हटलं, एक तास? ती म्हणाली, "पोलंडहून आला असतात का एका तासासाठी?" म्हणाली तशी, पण लगेच "बघा तुम्ही" असंही म्हणाली. नाही गेलो. पैज म्हणजे पैज. शिवाय सातशे बुडाले असते.

संध्याकाळी व्हिडिओ आला, चाळीस सेकंदांचा. प्रेरणा निळ्या साडीत, नाटकात कोणाची तरी आई झालीये. सविताची साडी आहे ती. शेवटी आबा जोरात टाळ्या वाजवताना ऐकू येतात. नेटवर्क कसं आहे हे तपासायला अकरा वेळा लावला. नेटवर्क चांगलं आहे.

मग एक गाडी उलटी लावली गेली आणि बंगल्याचा मॅनेजर माझ्यावर ओरडला. असल्या माणसाखाली मी काम करणार नाही. उद्या सांगतो.

२१ डिसेंबर, रविवार

नाही सांगितलं. गर्दी होती.

२३ डिसेंबर, मंगळवार

नोटीस बोर्डावर कागद. स्टोअर इनचार्ज: कोमल. एक जानेवारीपासून. सगळे तिच्याभोवती, पेढे. मी लांबूनच अंगठा दाखवला. ती माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "सर, तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला विचारलं. तुम्हाला वाईट वाटलं नाही ना?"

मी म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल, मी युरोपला चाललोय. तिने मान हलवली. दोन पेढे दिले. एक येसूबाईला ठेवला. का ठेवला माहीत नाही, त्या बाईने कालच लाइटचे चारशे तीस घेतलेत.

२८ डिसेंबर, रविवार

नाताळची गर्दी. शुक्रवारी कंपनीत रजा टाकून सलग चार दिवस ड्युटी, अठ्ठावीसशे. त्यात एका पार्टीवाल्याचा आरसा घासला म्हणून पाचशे कापले. आरसा आधीच घासलेला होता. माझ्याकडे पुरावा नव्हता. इथे माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही, हे मात्र खरं.

आज दिवसभरात माझ्याशी जे बोललं गेलं ते: मागे घे, पुढे घे, बर्फ, अंकल, ए.

३१ डिसेंबर, बुधवार. दुपारी ४

जिंकलो! महिना पूर्ण. येसूबाईचा हिशोब मिटवून हातात सातशे साठ. उलट शिल्लक! व्हिडिओतला माणूस बरोबरच होता. जोडकाम, कँटीन, लॉकर रूम आणि म्हातारीची पेज धरली तर पाव पगारात कोणीही राहू शकतो.

येसूबाई फाटकापर्यंत आली. "बायकूला म्हनावं, परत हाकलू नको," म्हणाली. कितीही समजावलं तरी या बाईला कळणार नाही.

१ जानेवारी, गुरुवार

घरी आलो काल संध्याकाळी. मला वाटलं होतं, घर विस्कटलेलं असेल. नव्हतं. माझ्या कोपऱ्यात प्रेरणाचं अभ्यासाचं टेबल आलंय. गॅस सिलिंडर अजून चाललाय. लाइट बिल कमी. आबा माझ्या जागेवर बसून माझ्या वेळेला त्यांच्या मालिका बघतात. उठले नाहीत.

सातशे साठ रुपये टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. शिट्टीचंही. सविता ओरडेल, पैज मोडली म्हणेल, याची मी पूर्ण तयारी केली होती. उत्तरं तोंडपाठ होती.

ती एवढंच म्हणाली, "ताप आला तेव्हा सांगायचं नाही का?"

मग कपाटातून एफडीची पावती काढली, मागच्या बाजूला सही केली आणि माझ्यासमोर ठेवली. "मी शब्द दिला होता. जा तुम्ही."

मी प्रेरणाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय, पप्पा. होईल काहीतरी." आबांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता हे तरी अडवतील.

"थंडी लय असतीया म्हनं तितं," आबा म्हणाले. "माजी कानटोपी घेऊन जा."

माणूस घर सोडून सातासमुद्रापार चाललाय आणि एकाच्याही तोंडून "नका जाऊ" निघत नाही. असली माणसं.

जेवलो नाही. नंतर जेवलो.

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.४०

एजंटचा फॉर्म भरायला बसलो. नाव, जन्मतारीख, उंची. चौथी ओळ: पासपोर्ट नंबर.

सविता शेजारी कपड्यांच्या घड्या करत होती. "थांबलात का?"

म्हटलं, पासपोर्ट नाहीये.

"हरवला?"

काढलाच नाही.

तिने घडी घालायची थांबवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं हसेल. हसली असती तर भांडता आलं असतं. तिने पावती उचलली, कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि कुलूप न लावताच दार लोटलं.

"काढा मग सावकाश," म्हणाली. "आज कामावर जाताय ना?"

जातोय. नऊ वाजता कोमल मॅडमची मीटिंग आहे.