कारल्याचा वाटा

६ फेब्रुवारी २००२
बाजार आला. कोबीचे दोन गड्डे, बटाटे, साखर, पत्ती, पोरांना शेव. आणि पाव किलो कारली. पालेभाजीची एक काडी नाही.
नामदेव भावजी पिशवी ओट्यावर टेकवतात तेव्हा किल्ला जिंकून आल्यासारखं तोंड असतं. मी विचारलं, "मेथी?"
"कोबी हाय की वयनी. हप्ताभर टिकतो."
टिकतो म्हणे. दगडही टिकतो.
परवा माझी शोभा शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. नर्सबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, म्हणाल्या, अंगात रक्तच नाही पोरीच्या. गोळ्या दिल्या. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, जमलं तर अंडं. हे सगळं मी भावजींना सांगितलं होतं. शोभाच्या देखत. मान हलवली होती त्यांनी.

७ फेब्रु.
कारली केली. आली की करावीच लागतात. आत्याबाईंना वाढली, त्यांनी फोडी ताटाच्या कडेला सारल्या. भावजी खात नाहीत. जाऊ मीरा खात नाही. पोरं नावानं पळतात. मी दोन फोडी खाल्ल्या. उरलेली शेळीपुढं टाकली तर शेळीनंही तोंड फिरवलं.
ह्यांना आवडायची. तीळ-गूळ भरून, वर करडीचं तेल. हे साप चावून गेले त्याला दुसरं वर्ष सरत आलं, कारली येतच आहेत. आत्याबाईंना त्यांच्या लेकाच्या आठवणीसाठी लागत असतील म्हणून मी कधी बोलले नाही. उन्हाळा लागत आला की भाव काय असतो कारल्याचा! तेवढ्यात मेथीच्या चार जुड्या येतील.

९ फेब्रु.
साखरेचा पुडा सोडला. कागदावर छापलेलं, 'कुटुंबासाठी आठवड्याचा आहार'. शोभाच्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले तेव्हापासून पुड्याचा कागद वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही.
सोमवारी पनीर. मंगळवारी फळांची कोशिंबीर. बुधवारी उरलेल्या ब्रेडचं काहीतरी. ब्रेड उरतो कुणाच्या घरी? आमच्याकडं भाकरी उरते, आणि तिचं काय करायचं ते कुणी छापून सांगायला नको. आख्ख्या कागदात ज्वारी नाही. खाली लिहिलंय, 'गृहिणींनो, बाजाराला निघण्याआधी आठवडा ठरवून घ्या.'
आधी गृहिणीला बाजाराला निघू तर द्या!
चुलीत घातला. मग वाटलं, ठरवायचं म्हणतात ते काही खोटं नाही.

१० फेब्रु.
भाकरी थापता थापता आठवडा मांडून पाहिला. आठवडा म्हणजे उतार. वर ओलं, खाली कोरडं. पहिले दोन दिवस मेथी, शेपू. एखादी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली की तिसऱ्या दिवसालाही निघते. मग वांगी, गवार. मग दुधी, तो दमानं राहतो. शेवटी घरचं, तुरीचं वरण नाहीतर येसराच्या पिठाची आमटी. बाजाराच्या सकाळी घरात काही नसतं तेव्हा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. गूळ-शेंगदाणे शोभाच्या हातावर रोज.
कोबी-बटाट्याशिवाय भागतं. कारल्यांशिवाय तर भागतंच.

१२ फेब्रु.
भावजींना हे सगळं सांगितलं. ते पायातला काटा काढत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे काय हाटेल हाय का वयनी? दारावर पाटी लावा मग. आज शेपू मिळेल. उद्या गवार."
मीरा पदरात तोंड घालून हसली. आत्याबाईसुद्धा हसल्या. पाटी डोळ्यांपुढं आली आणि मलाही हसू आलं जरा. मग शोभाकडं पाहिलं. ती हसत नव्हती. भिंतीला टेकून बसली होती. हल्ली कशाला ना कशाला टेकूनच बसते.

१३ फेब्रु.
बाजार. मेथीची एक जुडी आली. बटाट्यांखाली दबलेली, अर्धी पिवळी.
"आणली की! आता काहून तोंड पाडलं?"
भावजी सकाळी जातात, दुपारभर दोस्तांबरोबर चहा चालतो, आणि दुकानं आवरायला लागली की भाजी घेतात. उतरत्या बाजारात स्वस्त मिळतं, असं वर सांगतात. पिवळं पडलेलं स्वस्तच मिळणार.
कारली मात्र पिशवीत सगळ्यात वर. कोवळी. ओरखडासुद्धा नाही. ही उतरत्या बाजारातली नव्हेत, एवढं मलाही कळतं.

१७ फेब्रु.
शोभा हापशावर खाली बसली. कळशी सांडली. मीरा म्हणाली, "वयात येताना व्हतंच असं." मीराची पोरगी वयात येईल तेव्हा आठवण करून देईन.
शोभाला जेव म्हटलं तर म्हणते, "आई, भूक हाय गं. कोबी बघितला की मरती."

१९ फेब्रु.
सगळे ओट्यावर असताना सांगून टाकलं. "उद्या बाजाराला मी जाते."
आत्याबाई : "या घरच्या बाया बाजारात बसल्या न्हाईत कधी."
"बसायला कुठं, घ्यायला चालले."
"तुझा मालक असता तर बोलली असतीस?"
"ते असते तर बोलायची पाळीच आली नसती."
भावजी म्हणाले, लोक काय म्हणतील? नामदेवानं रांडमुंड भावजय बाजारात फिरवली म्हणतील. हा शब्द त्यांनी माझ्यापुढं पहिल्यांदाच काढला. काढून स्वतःच खाली बघितलं.
मीरा : "बाई, चाललाच हाव तर मला बांगड्या आणा डझनभर."
मी उठून आत आले. मागून भावजींचा आवाज, "जा खुशाल! पैसे मागू नका."
शेतात उन्हातान्हात कापूस वेचते, निंदते, रस्त्यानं जाणारा-येणारा बघतो. तिथं घराची अब्रू कुठं जात नाही. ओझं वाहायला रस्ता मोकळा. त्याच रस्त्यानं मेथी घेऊन आले की अब्रू गेली.

२१ फेब्रु.
काल लिहायला जमलं नाही. 
पहाटे कणगीतून पायलीभर तूर काढली, सगळ्यांच्या देखत. त्या तुरीच्या शेंगा मी तोडल्यात, खळ्यावर मी बडवल्यात. खुंटीवरची ह्यांची खाकी पिशवी, हल्ली भावजी नेतात तीच, घेतली. शेजारची गिरजा दर आठवड्याला कळमनुरीच्या बाजाराला बकरं नाहीतर अंडी घेऊन जाते, तिच्याबरोबर निघाले. ती म्हणाली, "पदर इतका काहून ओढता वयनी? वाट दिसना झाली तर पडताल." वेशीबाहेर पदर मागं सारला.
तूर विकली. गिरजानं भाव पाडू दिला नाही. मग भाजीच्या ओळीत गेले. एका म्हाताऱ्यानं माझ्याआधी पिशवी ओळखली. "तुमी थोरल्या मालकाच्या घरच्या का?" मी मान हलवली. न विचारता त्यानं पोत्याखालून कारली काढली आणि तराजूत टाकली. "सकाळीच काढून ठेवतो. धाकल्या मालकानं सांगून ठेवलंय, बाकी काई नसलं तरी चालंल, कारली ठेव."
मी म्हटलं, नको. मेथी द्या.
"नको?"
"नको."
तो तराजू तसाच धरून राहिला. म्हणाला, "थोरले मालक नख लावून बघायचे. जून असलं की माझ्याच तोंडावर हासायचे."
 ह्यांनी ज्या जागी उभं राहून नख लावलं असेल त्याच जागी मी उभी होते. मेथी घेतली, शेपू, वांगी, गवार, दुधी. गुळाची ढेप. गिरजाची उरलेली अंडी. सगळ्या पोरांना शेव, मीराच्याही. बांगड्या नाही आणल्या.

घरी आल्यावर आत्याबाईंनी पिशवी उपडी केली. भाजीतून हात फिरवला, पुन्हा फिरवला.
"कारली?"
"कुणी खात न्हाई. न्हाई आणली."
भावजी उभेच राहिले. "वयनी, मी तुमच्यासाठी आणतो ती. दादाच्या नावानं. एकदम बंद केली तर तुमाला वाटंल, भाऊ मेला आन् इसरले."
"माझ्यासाठी? मी आत्याबाईंसाठी रांधते!"
दोघांनी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी कवा मागितली? मला वाटलं हीच मागती."
दोन वर्षं. तिघांनी एकमेकांचं मन राखलं आणि कारली शेळीपुढं टाकली. मीरा फसकन हसली. मलाही हसू फुटणार होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी गळा काढला. "खात नसंल कुणी! त्यो माझ्या लेकराचा वाटा व्हता. मेला म्हणून वाटा मोडला हिनं."
भावजी म्हणाले, "बघा. काय करून ठेवलं."
म्हणजे मी केलं!
मग मीही सोडलं नाही. म्हटलं, मेलेल्याला दर बाजारी कोवळा वाटा, आणि त्याच्या जित्या लेकीला बटाट्याखालची पिवळी मेथी. ह्यांनाच विचारा, कुठला वाटा मोडला ते. ह्यांना विचारता आलं असतं तर!
कुणी जेवलं नाही. शोभा जेवली. मी शेजारी बसून जेवू घातली.

२४ फेब्रु.
कुणी बोलत नाही. माठाजवळच्या फडक्यातली मेथी काल संपली. आज वांगी. शोभा मागून भाकरी घेते.
आत्याबाई माझ्या भाजीला शिवत नाहीत. चटणी-भाकरी. पण परवा दुपारी मी गोठ्यातून आले तर कढई भाकरीच्या तुकड्यानं पुसून खात होत्या. मला बघून म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." कढईत मेथीचं पान उरलं नव्हतं.

२७ फेब्रु.
मी उठायच्या आत भावजी बाजाराला निघून गेले. पिशवी घेऊन.
दुपारच्या आत परत. मेथीच्या तीन जुड्या, ताज्या, दव तसंच. चहाला थांबले नसणार. वांगीही होती. माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "घ्या. मिळाली मेथी. आता तुमचं जायचं काम न्हाई."
सगळ्यांना वाटतंय भांडण मिटलं. मेथी चांगली आणली, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या बाजारी दोस्त भेटला, की पुन्हा पिवळी. मग मी पुन्हा ओट्यावर तोंडाकडं बघत उभी. माझ्या पोरीनं काय खायचं ते भावजींच्या चहावर ठरणार. भीक कितीही ताजी असली तरी भीकच.
आणि कारली होती. आत्याबाईंच्या हातात दिली त्यांनी. आत्याबाईंनी मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. स्वतः तीळ भाजले, कुटले, गूळ घातला, भरली. पहिलं कारलं शोभाच्या ताटात टाकलं. "खा. बापाचं हाय."
मी म्हणणार होते, तिच्यावर बळजबरी कशाला. शोभानं माझ्याकडं पाहिलं आणि खाल्लं. तोंड वाकडं करत, पाणी पीत, पण सगळं.
राग आला. कुणाचा ते ठरवता आलं नाही.

४ मार्च
कोपऱ्यात राहून गेलेलं कारल्याचं भांडं आज घासायला घेतलं तर त्या दिवशीचा तीळ-गुळाचा मसाला तळाला चिकटलेला. बोटानं काढून चाखला. थोडा कडू, थोडा जळका.
हे म्हणायचे, "कारलं खाऊन पाणी पी, पाणी गोड लागतंय." मी म्हणायचे, पाणी तसंही गोडच आहे आपल्या विहिरीचं. रोज एकच बोलणं. आता पाणी पिताना कुणी काही म्हणत नाही.
दुधी कोपऱ्यात पडून आहे, उद्या करीन. सोबत वरण. मग परवा बाजार.

६ मार्च
अजून उजाडतंय. घाईत लिहिते.
नर्सबाईंनी काल पुन्हा पापणी बघितली. "जरा लाली आलीय, सोडू नका आता." हे मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. भावजी म्हणाले, "आणतो की." मी म्हटलं, "मी आणते." ते गोठ्याकडं निघून गेले.
तूर मोजून गाठोडं बांधलंय. फडकं ओलं करून घेतलंय. गिरजा बाहेर अंडी टोपलीत लावत बसलीय, दोनदा खोकून झालं तिचं.
ह्यांची पिशवी काल आत्याबाईंनी धुतली. उसवलेला बंद शिवला. कुणासाठी, ते सांगितलं नाही. आता ओट्यावर बसून अंगणाकडं बघत म्हणाल्या, "लवकर जाणाऱ्याला कवळी मिळतेत." मला म्हणाल्या की भावजींना, कळलं नाही. मेथीबद्दल म्हणाल्या की कारल्याबद्दल, तेही नाही.
म्हाताऱ्यानं पुन्हा तराजूत टाकली तर नको म्हणायचं की नख लावून बघायचं, मी ठरवलेलं नाही. ते तिथं ठरवीन. मीच ठरवीन.
न्हाणीत भावजींच्या तांब्याचा आवाज थांबला. खुंटीवर पिशवी एकच आहे.